दुसऱ्या गिअरचा दात

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

आमची जुनी फोर बाय फोर जीप सकाळी चाकणच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकला स्पष्ट सांगितलं, "फक्त दुसऱ्या गिअरला टकटक येते. त्याचा दात तुटला असणार." तो म्हणाला, "ताई, क्लच गेलाय. साहेबांना फोन लावून द्या." महाळुंग्याच्या कंपनीत मी अकरा वर्षं गिअरचे दातच तपासते! पण नाही, साहेब हवेत. आणि संदीप, माझा नवरा, फोनवर त्याला म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं करा."

आत्ता चहा घेताना संदीप सांगतो, "अगं, मेकॅनिकचा फोन आला होता. गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचा दात तुटलाय."

फोनही त्यालाच!

"मी सकाळी काय म्हटलं होतं?"

"हो, पण त्याने उघडून बघितलं ना."

उघडून बघितलं ना! म्हणजे मी काय, अंदाजपंचे बोलत होते?

त्याच्यासमोरच गॅरेजला फोन लावला. "दादा, यापुढे फोन मला करायचा. आणि नवा गिअर मी तपासल्याशिवाय बसवायचा नाही." पलीकडून हळूच "बरं ताई" आलं.

संदीप आत जाऊन चहाचे कप विसळतोय. विसळू दे.