देऊळघाटचं ऊन

१२ जुलै १९६४
काचेचा गोळा टेकडीवर बसवला. गोळ्यातून ऊन खालच्या कागदी पट्टीवर पडतं, जळकी रेघ उमटते. रेघ जेवढी लांब तेवढे तास ऊन. सूर्यशक्ती केंद्रासाठी सरकार उंचावरची जागा शोधतंय. आमच्या देऊळघाटशिवाय दुसरी आहे कुठे? रोज पट्टी बदलून आणायचं काम बायकोकडे. माझे गुडघे, शिवाय शैलजालाही संशोधनात वाटा मिळावा.

१४ ऑगस्ट
दिवसभर पाऊस, तरी पट्टीवर सहा तास! आपल्या टेकडीवर ऊन ढगांनाही जुमानत नाही. तसा रिपोर्ट पाठवला. शैलजा चिंब भिजून आली. खोकत होती. उद्यापासून मीच चढणार. नक्की.

१६ ऑगस्ट
गुडघे.

३० ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय, पावसात डोंगर काय चढायला लावता? मी म्हणालो, टेकडी आहे. तिचा भाऊ तिला नांदुऱ्याला घेऊन गेला. निघताना म्हणाली, अहो, वेळेवर जेवत जा. रविवारी भेटायला जाणार.

६ सप्टेंबर, रविवार
गेलो नाही. एक दिवस खंड पडला तर अभ्यास वाया. आठवडाभर स्वतः चढतोय. रोज जेमतेम दीड तास. यंदा सूर्यातच काही बिघाड असावा.

१० सप्टेंबर
भांडी घासणाऱ्या गोजरबाईला सूर्याबद्दल बोललो. ती म्हणाली, बाई चुलीपाशी बसून उदबत्तीनं रेघ वाढवत होत्या जी. ऊन कमी भरलं का गुर्जी जेवत नाहीत, म्हनत.
संतापलो. म्हणजे सगळे आकडे खोटे! रविवारी नांदुऱ्याला जाऊन जाब विचारणार.

१२ सप्टेंबर
तार आली. शैलजा पहाटे गेली.

२६ सप्टेंबर
तेरावं उरकून परत आलो. हापिसचं पत्र पडलेलं. आकडे असामान्य आहेत, पाहणीला माणसं येतील. खरं कळवायला बसलो. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. खोटं तिने केलं असं लिहिवत नाही. मी केलं असंही लिहिवत नाही.
आभाळ भरलेलं. गोजरबाई पोळ्या झाकून गेली. भूक नव्हती. उदबत्ती पेटवून कोऱ्या पट्टीवर रेघ ओढून पाहिली. टोक जरा जास्त टेकलं, कागदाला भोक पडलं. मग तिच्या सगळ्या पट्ट्या काढून पाहिल्या. एकीलाही भोक नाही. ती किती वेळ बसत असेल, मी कधी पाहिलंच नाही.