रिपोर्ट वाचणारी

हुडकेश्वर, ४ ऑगस्ट २०२५

ती. वैभवदादास,
सा. न. वि. वि.

मोबाइलवर लिहिलं असतं तर वहिनींच्या हाती लागलं असतं, म्हणून हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळ्यांचे रिपोर्ट मीच वाचते. शनिवारी तुझा वाचला आणि तेव्हापासून चैन नाही.

तुझ्या तोंडावरची, पायांवरची सूज किडनीमुळे आहे हे खरं, पण किडनी बिघडली ती सिफिलिसमुळे. डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शनांनी हे बरं होतं, फक्त बायकोचीही तपासणी करा. तू मान हलवलीस आणि घरी जाऊन आईला उष्णतेनं किडनी बिघडल्याचं सांगितलंस. आता आईनं घरभराचं मीठ बंद केलं आहे आणि मला फोनवर विचारते, तुला किडनी डावी द्यायची की उजवी. हसू येतं, मग रडू.

वहिनींना सांग. लवकर सांग.

या पत्रानं धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी रोशनी

गांधीबाग, ११ ऑगस्ट

चि. रोशनीस, अनेक आशीर्वाद.

पत्र कापडाच्या ठाणामागं लपून वाचलं. बी.एस्सी. झाली म्हणून मोठ्या भावाले शिकवून राहिली काय वं? राखीले आली तं तोंड बंद अन् डोळ्यानं भाषण. सुरुची दोनदा विचारत होती, रोशनीताई काहून रुसल्या.

दोन वर्षं झाली, सुरतेले माल पाहाले गेलो होतो. एकदाच चुकलो. पहिली सुई घेतली, सूज उतरून राहिली. मी बरा झालो की गोष्ट संपली. तिले सांगितलं तं ती माहेरी जाईन. तू फक्त किडनी म्हण, बस.

तुझ्या हुशारीचं कौतुक आहे, तिचा धाक नको घालू.
दादा

हुडकेश्वर, १४ ऑगस्ट

ती. दादास, सा. न.

गोष्ट तुझ्यापाशी संपत नाही. गेल्या वर्षी वहिनींचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. त्यांनी पपई खाल्ली असं आईनं ठरवलं आणि अंगणातलं झाडच तोडलं. त्या खुंटाशेजारी वहिनी रोज कपडे वाळत घालतात.

काल डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा आजार पोटातलं बाळ घेऊ शकतो. वहिनींना तो असेल आणि उपचार झाले नाहीत, तर पुढच्या बाळालाही धोका आहे.

मंगळवारपर्यंत तू सांग. नाहीतर बुधवारी मी येते.

माया मागायला आज तोंड नाही. रागावलास तरी लिहीत राहा.
रोशनी

कुही, २५ ऑगस्ट

रोशनीताईंस, सुरुचीचा नमस्कार.

यांनी मंगळवारी सांगितलं, पायातली चप्पलही न काढता. मी माहेरी गेले नाही, इथंच कुहीच्या आपल्या घरी आहे. गुरुवारी रक्त दिलं. मलाही आहे. पहिलं इंजेक्शन झालं, बसताना दुखतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पूर्ण बरं होईल. बाळही बहुधा त्यामुळेच गेलं, पपईनं नाही.

तुम्ही तो कागद दोन तारखेला वाचला होता, हेही यांनीच सांगितलं. मधे राखीला तुम्ही आलात. घरात मीठ बंद, तरी तुमच्यासाठी मी आईंच्या नकळत मिठाची भाजी वेगळी काढली होती. छान झाली म्हणालात आणि गेलात. भावाला वेळ दिलात, ताई. तो वेळ माझा होता.

आईंना अजून वाटतं, मुलाला उष्णता झाली आणि सुनेनं पपई खाल्ली. यांची जीभ उचलत नाही, माझं त्या ऐकणार नाहीत. त्यांचा विश्वास तुमच्या वाचण्यावर आहे. रविवारी या. दोन्ही रिपोर्ट मिठाच्या बरणीखाली ठेवले आहेत. आईंसमोर बसून मोठ्यानं वाचा. पपईचंही सांगा.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुमचं वाचून झाल्यावर कळवीन.
सुरुची