आपल्या घरातली सर्वात जुनी वस्तू

बा, आपल्या घरात जुनं काहीच नाही म्हणून मी एकदा तुझ्यावर रुसले होते. चौथीत होते तेव्हा. गुरुजींनी कुठल्याशा मासिकातून जगातले विक्रम वाचून दाखवले होते. सर्वात जुनं झाड कुठं आहे, सर्वात म्हातारा माणूस किती जगला, कोणी म्हातारपणी केवढा डोंगर चढला, आणि आम्ही तोंड वासून ऐकत होतो. मग गुरुजी म्हणाले, आपल्या वर्गाचाही विक्रम करू. शनिवारी प्रत्येकानं घरातली सर्वात जुनी वस्तू आणायची, ज्याची सर्वात जुनी त्याचा पहिला नंबर. पहिल्या नंबराचं नाव निघालं की मी तहानभूक विसरायची, हे तुला माहीतच आहे.

घरी येऊन सगळं उलटंपालटं केलं. पण शोधायला होतं तरी काय? भांडी जर्मन धातूची, राळेगावच्या बाजारातून घेतलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, ती तू नागपूरहून दीक्षा घेऊन आलास तेव्हाची. त्याच्या आधीचं म्हणून घरात काही उरलंच नव्हतं. देव, देव्हारा, गंडे-ताईत, सगळं तू नदीत सोडून आला होतास. आपल्या मोहल्ल्यातली सगळीच घरं तेव्हा अशी दिसायची, की माणसं कालच तिथं राहायला आली असावीत. शेवटी मायला विचारलं. भाकरीवरची नजर न काढता ती म्हणाली, घुंगराची एक काठी होती, ती तुझ्या बानं जाळली. गावकीची काठी. दवंडी द्यायची, रात्री पहारा करायचा, कोणाचं ढोर मेलं की ओढून न्यायचं, ही कामं ज्याच्या गळ्यात त्याच्या हातात ती असायची. किती जुनी, ते मायलाही सांगता येईना. म्हणजे पहिला नंबर आपल्या घरात होता आणि तू तो चुलीत घातला होतास! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तू कापसाच्या जिनातून येतोस, केसांत-भुवयांत रुई तशीच, आणि मी तुला बसूसुद्धा देत नाही. "बा, ते काठी कायले जाळली?" तू हातपाय धुतोस, ताटापुढं बसतोस, भाकर कुस्करतोस. मला वाटतं आता एक ठेवून देणार. पण तू सावकाश बोलतोस.

"ते काठी माह्या आज्याची, बाई. त्याच्याबी आज्याची. एक मेला का दुसऱ्याच्या हाती ये. माह्या मांगून तुह्या भावाची पाळी आली असती."

भाऊ बाजूला गोधडीवर पालथा झोपलेला होता. मी त्याच्याकडं पाहिलं, पण राग काही उतरला नाही. त्या वयात मला नंबर हवा होता, बाकीचं कोण ऐकतो? शनिवार येईपर्यंत मी तुझ्याशी धड बोलले नाही.

शनिवारी शाळेत जत्राच भरली. पाटलाच्या पोरानं गंजकी तलवार आणली, कोणी डोक्यावर तांब्याचं घंगाळ घेऊन आलं. एकानं तर घरातली वस्तू म्हणून पणजोबाच बैलांच्या दमणीत घालून आणला. वाटेत त्या आबाजींचं वय बरंच वाढलं असावं, शाळेत पोचेस्तोवर ते शंभराच्या खूप पुढं गेले होते. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. मग माझी पाळी आली आणि मी रिकाम्या हातांनी उभी राहिले. म्हटलं, आमच्या घरी सगळं नवीन आहे, एक गावकीची काठी होती, ती बानं जाळली. काही पोरं खुदखुदली. गुरुजी काही बोलणार, तेवढ्यात खुर्चीतून आबाजीच हळहळले. ती काठी त्यांनी लहानपणापासून पाहिली होती, तिचे घुंगरू ऐकले होते. "चांगली काठी होती, पोरी. जाळायले नोको होती."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आज कळतं. मेलेल्या गुणी बैलाबद्दल बोलावं तसं ते बोलले. पण त्या क्षणी मला भाऊ दिसला, पालथा झोपलेला, मुठी वळलेल्या. आणि आदल्या दिवशीपर्यंत जे डोक्यात शिरत नव्हतं ते एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"चांगली होती त तुमी काहून नाही धरली, आबाजी?"

आबाजी आपल्या हातांकडं बघत हळूच म्हणाले, "खरं हाय." गुरुजी रागावले नाहीत, खाली बस म्हणाले फक्त. पहिला नंबर घंगाळाला गेला.

मी भीत भीत घरी आले. आता गावात बोभाटा होणार, तुला कोणीतरी जाब विचारणार असं वाटत होतं. बोभाटा माझ्या आधीच पोचला होता. तू मला समोर उभं केलंस आणि मी काय म्हणाले ते पुन्हा म्हणायला लावलंस. मी म्हटलं. तू उठून अंगणात गेलास आणि परत आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. पुढं घरी कोणी पाहुणा आला की मला हाक मारून तेच वाक्य बोलायला लावायचास. मला लाज वाटायची आणि आवडायचंही. नंतर छातीत रुई बसली, खोकला सुटेना, आणि पन्नाशीही न गाठता तू गेलास.

मी सत्तरी ओलांडली, बा. आपल्या घराण्यात एवढं कोणी जगलेलं नाही. नातू मोबाइलवर जगातले विक्रम वाचतो. परवा त्यानं विचारलं, आजी, आपल्या घरातली सर्वात जुनी वस्तू कोणती? मी म्हटलं, मीच. सगळे हसले. भावाची मुलं शिकली, कोणाच्याच हाती ती काठी आली नाही. तू केलंस ते बरोबरच केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही तिला चुलीतच घातलं असतं.

पण एक गोष्ट तुझ्या तोंडावर मला कधी बोलता आली नसती, आणि हा कागदही तुझ्यापर्यंत पोचायचा नाही म्हणून लिहिते. ती काठी मला एकदा पाहायची होती. धरायची नव्हती, ठेवायची तर नव्हतीच. तिचे घुंगरू कसे वाजायचे, एवढंच ऐकायचं होतं.