बकऱ्याला पाय चारच

३ मार्च, सकाळ
एक कोडे. पूर्वी खाटीक ज्या नळ्या जवळजवळ फुकट द्यायचा, त्याच आज काचेआड ऐटीत मांडलेल्या असतात, आणि मांडीच्या मटणापेक्षा महाग! जनावर तेच, हाड तेच. मग बदलले काय? पद्धतशीर अभ्यासाचा संकल्प. निमित्तही आहे. वीस तारखेला हिचा पन्नासावा वाढदिवस. सासरे स्वस्त म्हणून नळ्या आणत आणि स्वतः रस्सा करत. ते गेल्यापासून तसा रस्सा तोंडाला लागला नाही, असे ही काल सहज बोलून गेली. मी शब्द दिला, रस्सा मी करणार. हिने विचारले, आपल्या घरात गॅसचा लायटर कुठे असतो ते तरी ठाऊक आहे का. प्रश्न अप्रस्तुत.

६ मार्च
उलगडले! पायाचा स्नायू दिवसभर राबतो, म्हणून चिवट. हा चिवटपणा मंद आचेवर विरघळतो आणि रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट होतो. ज्यांना मांडीचे मटण परवडत नसे, त्यांनाच हे ठाऊक होते. आता हॉटेलवाल्यांना कळले. मागणी वाढली, बकऱ्याला मात्र पाय चारच. इतकी सुंदर उपपत्ती एकट्याने बाळगणे बरे नव्हे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तीन भागांत.

९ मार्च
नळ्या संपलेल्या. खाटीक म्हणाला, सर, तुमच्या बिल्डिंगला झालंय तरी काय, जो येतो तो नळ्याच मागतोय. योगायोग.
तरीही संकल्प: यापुढे या विषयावर मौन.

१० मार्च
लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी एक शंका विचारली. विचारलेली शंका तशीच सोडणे मला जमत नाही. लिफ्ट दोनदा वर-खाली झाली. बाई दवाखान्यात उशिरा पोहोचल्या, पण समाधानाने.

१४ मार्च
मुलीचा फोन. बाबा, मी हॉटेलात टेबल बुक केलंय, आईच्या वाढदिवसाला प्रयोग नकोत. मी ठामपणे बुकिंग रद्द करायला लावले.
नळ्यांअभावी रंगीत तालीम बटाट्यांवर केली. करपले. तत्त्व मात्र सिद्ध झाले: आच मंद नव्हती.

१९ मार्च
उद्यासाठी नळ्या बाजूला ठेवायला खाटकाने नकार दिला. म्हणाला, सर, आता जो आधी येईल त्याच्या. त्याच्या भिंतीवर माझा मेसेज प्रिंट काढून लावला आहे, तिन्ही भाग, आणि खाली नवा भाव. लेखकाचे नाव नाही, तेवढे खटकले.

२० मार्च, सकाळ
दुकान उघडण्याआधी हजर. रांगेत दुसरा! काचेआड नळ्यांचा एकच ढीग. पुढची तरुणी बोनलेस मागत होती. कशाला, तर रस्सा करायला. रस्सा, आणि बोनलेसचा! मी तिला फक्त मूळ तत्त्व सांगितले. थोडे विस्ताराने सांगितले असावे, कारण मागून कोणीतरी ओरडले, काका, आवरा की आता. तरुणीला मात्र विषय पूर्ण कळला. थँक्यू काका, म्हणाली, आणि सगळ्या नळ्या घेऊन गेली.
खाटकाने शांतपणे विचारले, सर, बोनलेस देऊ?

२० मार्च, संध्याकाळ
नळ्या नसल्यास दाटपणा येत नाही, हे माझे म्हणणे आज निर्विवाद सिद्ध झाले. हिचा भाऊ म्हणाला, भावोजी, सूप छान झालंय, रस्सा कधी वाढताय? मुलगी हॉटेलला फोन लावत होती. टेबल शिल्लक नव्हते. हिने मात्र शांतपणे वाटी तोंडाला लावली. म्हणाली, बाबांचाही असाच पातळ व्हायचा. दोन नळ्या आणि खाणारी सहा माणसं.
मला गहिवरून आले. डोळे पुसायला चष्मा काढला.
मग ही म्हणाली, फक्त ते त्यात मीठ घालायचे.
यासाठी एक साधी चाचणी आहे, कोणालाही घरी करता येईल अशी: वाढण्यापूर्वी चमचाभर चाखून बघावे.