जांभळ्या लेझरचा खरा आकडा

शनिवार, संध्याकाळ. शारजा.

जांभळ्या लेझर डायोडवर तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर छापलीय, माझ्या मोजणीत ४११ आलं. तीनदा तेच. बारीक रेघांच्या काचेतून प्रकाश सोडायचा आणि भिंतीवरच्या ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं, एवढंच तर आहे. टेप मधे लोंबली असेल का? पण मग निळ्याचाही आकडा वाढला असता. तो ४५०च्या जागी ४४७ आला. म्हणजे मोजणी बरोबर आहे. बहुतेक.

टेपचं दुसरं टोक इरा धरायची. तिच्या कॉलेजसाठी ती आणि तिची आई जूनमध्ये पुण्याला गेल्या. आज ते टोक मी चिकटपट्टीने भिंतीला लावलं.

४११! न राहवून इराला फोन केला.

"नाइस, बाबा. गॉगल घातलायस ना?"

"हो गं. डिसेंबरात आलीस की दाखवतो तुला."

"बाबा, आय वॉज गोइंग टू टेल यू. मला इंटर्नशिप मिळालीय. डिसेंबरमध्ये आय कान्ट कम."

"अरे वा! छानच झालं की," मी म्हणालो. इतक्या उत्साहाने म्हणालो, की तिला ते खरं वाटलं.