पँटला शिवलेली बाही

सौ. सरकार यांच्या सेवेशी,

तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. फक्त काल कारखान्यात रेडिओवर तुझं ते गाणं लागलं. लग्नाआधी गच्चीवर कपडे वाळत घालताना, मला ऐकू यावं म्हणून तू मोठ्यानं म्हणायचीस ते. माझं शिवणयंत्र चालूच राहिलं आणि पँटच्या पायाला मी माझ्याच शर्टाची बाही शिवून टाकली. मुकादम ओरडला तसा मी उठलो, तर पँटही माझ्याबरोबर उठली. सगळे हसले. मीही हसलो, त्यामुळे डोळे पुसले तरी कुणाला शंका आली नाही.

मुलगी सांगत होती, आई हल्ली गुणगुणत नाही. खरं का गं? म्हणत जा. फोनवरही म्हण, पण रविवारीच. त्या दिवशी यंत्र बंद असतं.

तुझाच,
कात्रीनं सोडवलेला शिंपी