ड तुकडी नसलेली शाळा

बाई, काल संध्याकाळी मी एक शाळा पाहिली आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत. तुम्ही असतात तर कालच फोन केला असता आणि तुम्ही म्हणाला असतात, "अगं, आधी श्वास घे." तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तरी शाळेबद्दल काही सांगायचं म्हटलं की मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही.

आम्ही आयर्लंडमध्ये, ॲथलोनजवळच्या एका छोट्या गावात राहतो. नवरा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. लेक बारा वर्षांची, तिची प्राथमिक शाळा या वर्षी संपेल. पुढच्या शाळेचा अर्ज आजच द्यायचा होता. एक गावातली, सगळ्यांना घेणारी शाळा आणि दुसरी अर्ध्या तासावरची, निकालांसाठी नावाजलेली, फक्त मुलींची. नवऱ्याचं या दुसरीचं ठरलेलं होतं. माझंही जवळजवळ ठरलं होतं. पण लेक म्हणाली, एकदा बघून तर या, म्हणून गावातल्या शाळेत गेलो.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, रेनकोट न काढताच व्यासपीठावर चढल्या आणि शाळेची गोष्ट सांगायला लागल्या. या गावात पूर्वी तीन शाळा होत्या. मुलींना नन्सची, मुलांना ख्रिस्ती ब्रदर्सची, आणि ज्यांच्या नशिबात पुस्तकं नाहीत असं कुणीतरी ठरवून टाकलेलं, त्यांच्यासाठी हातकामाची, 'टेक'. त्यांची आई नन्सकडे शिकली आणि वडील टेकमध्ये. दोघं एकाच गल्लीतले, पण आजीनं सहा महिने लग्नाला होकार दिला नाही. पुढे इंग्लंडमध्ये सगळ्यांसाठी एकच अशा कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा निघाल्या तसं वारं इथेही आलं आणि तिन्ही शाळा एका छपराखाली आणायचं ठरलं. गावात भांडणं झाली. "माझी आजीच सर्वांत पुढे होती, विरोधात," त्या म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटत होत्या.

आणि मग बाई, प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "यात अ तुकडी कोणती? हुशार मुलांची?"

त्यांना कळेचना. मी आणखी समजावून सांगितलं: मार्कांप्रमाणे अ, ब, क, ड. शेजारी बसलेली लेक खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ दिसेनाशी झाली. "आई, स्टॉप. आय अ‍ॅम मॉर्टिफाइड." मुख्याध्यापिका हसल्या, पण मला नाही हसल्या. "ती भानगड आमच्याकडे नाही हो. पहिल्या वर्षी सगळे मिसळून बसतात आणि सगळे सगळं शिकतात. लाकूडकामही आणि लॅटिनही. तुमची मुलगी ग्रँड असेल इथे." ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत अगदी मजेत.

मी विचारलं, बाई. मी. मिरजेच्या आपल्या शाळेत आठवीच्या पहिल्या दिवशी मैदानावर नावं वाचली जातात, अ ची मुलं कडुलिंबाखाली सावलीत जातात, मग ब, मग क, आणि उन्हात उरतो ते आम्ही ड. मी आजारी नव्हते, घरी काही बिनसलं नव्हतं. गणित जमत नव्हतं, एवढंच. तुम्ही आमच्या वर्गशिक्षिका. ड ला प्रयोगशाळेत नेत नसत, काचेची भांडी फोडतील म्हणून. तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात किल्ली घेऊन आलात. आम्ही अठ्ठेचाळीसजण श्वास रोखून उभे, निळा लिटमस लिंबाच्या रसात लाल होतोय, कुणी कशाला धक्का लावत नाहीये. त्या दिवशी एकच परीक्षानळी फुटली, आणि ती तुमच्या हातून. तुम्ही काचा गोळा करता करता म्हणालात, "बघत काय बसलात? निरीक्षण लिहा." वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

तुमच्यामुळे मी नववीत अ मध्ये गेले. त्याच जूनमध्ये व्हरांड्यात माझ्या जुन्या बाकावरच्या मैत्रिणीनं मला हाक मारली आणि मी पुढे निघून गेले. तुम्ही मागून माझी वेणी धरलीत. "मान आखडली का गं? ती हाक मारतेय." मी म्हटलं, "ऐकू नाही आलं, बाई." तुम्ही म्हणालात, "आलं की. म्हणून तर भराभर चालायला लागलीस."

काल त्या हॉलमध्ये मला तीच मी दिसले. मग आम्हाला कार्यशाळेत नेलं. तिथे रंध्याखालून लाकडाच्या साली गुंडाळत निघत होत्या. एका बाजूला गावातल्या डॉक्टरची मुलगी, तिच्या शेजारी वाचायला खूप वेळ लागणारा एक मुलगा, आणि तो तिला रंधा कसा धरायचा ते शिकवत होता. लेकीनं एक साल उचलून नाकाशी धरली. बाई, मी तिथेच ठरवलं.

गाडीत नवरा म्हणाला, "एवढ्या लांब काय सुतारकाम शिकवायला आणलंय तिला?"

"मला आवडतं सुतारकाम," मागून इंग्रजीत उत्तर आलं.

"तू थांब गं. सगळे एकत्र म्हणजे सगळे सर्वांत हळू पोराच्या वेगानं जाणार. अशी पोरं वर्गात असली की काय होतं, तुला काय माहीत?"

हा प्रश्न मला होता. मी खिडकीबाहेर मेंढ्या बघत बसले. घरी आल्यावर तो थोडा नरमला. "बरं, तूच ठरव," म्हणाला, "पण मला एक कारण दे. पटेल असं."

आज दुपारी मी गावातल्या शाळेचा अर्ज पाठवला. लेक स्वयंपाकघरात मला मिठी मारून गोल गोल फिरली. नवऱ्याला मेसेज केला, "अर्ज दिला. गावातलीच शाळा." त्याचं लगेच उत्तर, "कारण?"

तुमच्याबद्दल, किल्लीबद्दल, उन्हातल्या त्या रांगेबद्दल सगळं मी टाइप केलं, बाई. पुसलं. पुन्हा केलं. सोळा वर्षांच्या संसारात त्याला मी पहिल्यापासून अ तुकडीतलीच वाटत आले आहे, आणि तसं वाटू दिलंय ते मीच. शेवटी लिहिलं, "घरापासून चालत जाता येतं." त्यानं अंगठा पाठवला.